आवक-जावक

वेदगंगा अजून उतरली नव्हती.
जत्राटचा पूल दिसत नव्हता,
आणि आमच्या शाळेत, सातवीच्या वर्गात,
फळ्यावर अर्धवट राहिलेल्या त्रैराशिकाखाली
एकोणतीस कुटुंबं झोपत होती.
तलाठी म्हणाले, गुरुजी, तुमचं अक्षर बरं आहे.
वही माझ्याकडे आली.

मी लिहीत गेलो :
चादरी एकशे चाळीस.
बिस्किटं, पोती सहा.
जरीच्या साड्या, बऱ्याचशा पदराला फाटलेल्या.
उंच टाचेच्या चपला, त्यात डाव्याच जास्त.
कुणा नवरदेवाचा फेटा, बांधलेला तसाच.
आणि शुक्रवारी, निपाणीवरून आलेल्या टेम्पोतून
दुधाच्या पावडरीचे डबे, दोनशे सोळा.
डब्यावर गुबगुबीत बाळ,
पूर न पाहिलेलं.
सोबत बाटल्या. सोबत फोटो काढणारा पोरगा.

लेकुरवाळ्या पुढं या, म्हणाले टेम्पोतले गृहस्थ.
भला माणूस. रात्रभर चिखल तुडवत आला होता,
आवाज बसला होता त्याचा.

कस्तुरव्वा होसमनी, आमच्या उपकेंद्राची नर्स,
डब्यांपुढं आडवी उभी राहिली.
तिच्या तुटक्या मराठीत म्हणाली,
वाटायचं नाही हे. पाणी कुठलं घालणार, या हौदातलं?
आम्ही सगळ्यांनी हौदाकडं बघितलं.
कुणीच काही बोललं नाही.

टेम्पो गेल्यावर मी हळूच म्हटलं,
बाई, दान आहे. पडून राहिलं तर लोक काय म्हणतील?
ती कुलूप लावत होती.
गुरुजी, आमच्यात दुधाला म्हणतात हालु.
आणि नासाडीला हाळु.
तुमच्याकडं ळ आहे. कळेल तुम्हाला.

सावंत्रा खोताचं पोर चाळीस दिवसांचं.
पाणी उंबरा ओलांडून आलं त्या रात्रीपासून
अंगावरचं आटलं, म्हणत होती.
सासू डबा मागायला तीनदा आली.
आडातच न्हाई, तर पोहऱ्यात कुठनं येणार?
कस्तुरव्वाला ही म्हण ठाऊक नव्हती.
मी समजावून सांगितली.
ती म्हणाली, आड भरलेला आहे.
भ्यालाय फक्त.

मग नकाशांच्या कपाटामागं दोरी बांधली,
फाटक्या पदराची जरीची साडी तिच्यावर टाकली.
आत एक सतरंजी, तांब्याभर आंबील,
आणि उघड्या छातीवर उघडं पोर.
ओढू दे, म्हणाली. ओढलं की येतं.
सासूला बाहेर बसवलं, पण दाराशीच,
म्हणजे तिचाही मान राहिला.

शनिवार रडण्यात गेला.
रविवारी मी कुलपाकडं बघत बसलो.
खोटं कशाला बोलू, किल्ली कुठं ठेवते
हेही बघून ठेवलं होतं.

सोमवारी पहाटे,
घोरण्या-खोकण्याच्या मधल्या एका फटीत,
पडद्यामागून आवाज आला :
गुटक्.
थोडं थांबून पुन्हा, गुटक्.
सासूनं पदर तोंडावर धरला.

कपाट एकदाच उघडलं.
जैनुद्दीन मुजावरच्या नातीसाठी,
जिची आई बेळगावच्या सिव्हिलमध्ये
बेशुद्ध होती.
दार लोटून, बाकीच्यांना दिसणार नाही असं,
कस्तुरव्वानं म्हाताऱ्याला शिकवलं :
पाणी खळखळ उकळलेलं, माप सपाट,
बाटली नाही, वाटी आणि चमचा.
त्याचा हात थरथरत होता.
नातीचा ओठ चमच्याला अचूक लागला.
मी जावक रकान्यात लिहिलं : डबा, एक.

पुढं हिशेब तपासायला साहेब आले.
दोनशे पंधरा शिल्लक कसे?
मी वही वळवून पुढं केली.
माझं अक्षर खरंच बरं आहे.

त्या भल्या गृहस्थाचाही फोन आला,
गुरुजी, एखादा फोटो पाठवा,
देणाऱ्यांना दाखवायला.
मी पाठवला.
जरीचा पडदा,
आणि त्याखाली दिसणारी दोन पावलं,
एकावर वाळलेला चिखल.